नवा बॉल पायथन खात नाही? आधी त्याचं घर तपासा

नाशिकमध्ये कुणी ओळखीतून बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) सांभाळायला घेतला की महिनाभरात ठरलेली तक्रार येते: "दादा, साप खातच नाहीये हो." तोवर घरच्यांनी बरंच काही करून पाहिलेलं असतं. उंदीर बदलला, लहान दिला, मोठा दिला, जिवंत सोडला, रोज संध्याकाळी समोर नाचवला. माझ्या अनुभवात दोष उंदरात क्वचितच निघतो. तो टाकीत निघतो: तळाचं तापमान, लपायची जागा, हवेतला दमटपणा आणि माणसांचे हात. म्हणून खालच्या क्रमाने जा. फुकटात होणारं आधी, पैसे लागणारं नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला आठवडाभर द्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही.

लक्षणं

उंदीर समोर धरला की साप मान वळवतो, किंवा अंगाचा घट्ट गोळा करून डोकं आत दडवतो. रात्रभर काचेला नाक घासत फिरतो, इतका की नाकावरचे खवले सोलवटतात. पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहतो. कात एकसंध न निघता तुकड्या-तुकड्यांनी निघते, डोळ्यावरचं पापुद्र्याचं झाकण तसंच राहतं. किंवा खातो, पण दोन-तीन दिवसांत अर्धवट पचलेला उंदीर ओकून टाकतो. यातलं एखादं-दुसरं दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

काही लक्षणं मात्र वेगळी आहेत. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासाला शिट्टी किंवा घरघर, नाकातोंडात बुडबुडे, हिरड्यांवर लाल ठिपके किंवा पिवळा पू, पोटाखाली फोड किंवा भाजल्याची खूण, शेपटीकडच्या छिद्रातून बाहेर आलेला लाल भाग, किंवा मान उलटी वळवून वर बघत राहणं आणि तोल जाणं. यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. सापाला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) नसतं, त्यामुळे त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. फुप्फुसाचा संसर्ग घरच्या उपायांनी बरा होण्याची वाट पाहिली की उशीर होतो.

पहिली तपासणी: हात लावणं बंद

आणल्या दिवसापासून पहिला आठवडा-दहा दिवस त्याला उचलायचं नाही. पाणी बदला, घाण काढा, बस्स. नवा साप आला की शेजारीपाजारी बघायला येतात, मुलं फोटो काढतात, प्रत्येकाला एकदा हातात घ्यायचा असतो. आफ्रिकेच्या पश्चिम भागात, घाना-टोगो-बेनिनकडे, हा प्राणी दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो. त्याच्या दृष्टीने उचललं जाणं म्हणजे शिकार होणं. घाबरलेला साप खात नाही, कारण पोटात मोठा घास असला तर त्याला पळता येत नाही.

टाकी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी असेल तर हलवा. टेबल हलत असेल तर त्याचे पाय नीट बसवा. उदबत्ती, धूप, मच्छरांची कॉइल त्या खोलीत लावू नका. एवढ्यावरच खायला लागलेले साप मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी: आधीच्या माणसाला चार प्रश्न

शेवटचं कधी खाल्लं? उंदीर साधा, छोटा होता की रॅट (मोठ्या जातीचा उंदीर)? जिवंत द्यायचे की फ्रोझन? दिवसा की रात्री? हे प्रश्न विचारायला काही लागत नाही आणि उत्तरांत अर्धा उपाय असतो. लहानपणापासून पांढऱ्या छोट्या उंदरांवर वाढलेला पायथन रॅटला अन्न मानतच नाही, समोर धरलं तरी ओलांडून जातो. त्याला आधी ओळखीचंच खाऊ द्या. घर बदललं त्याच महिन्यात त्याचं जेवणही बदलू नका.

याच वेळी कागद मागा. बॉल पायथन परदेशी असला तरी वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो चौथ्या अनुसूचीत येतो. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. "मित्रानेच दिलाय, विकत कुठे घेतलाय" हे कारण चालत नाही, हस्तांतराचीही नोंद लागते. आणि तुमच्या हाती आलेलं पिल्लू बॉल पायथनऐवजी आपल्याकडचं अजगर किंवा मांडूळ आहे अशी जराही शंका असेल तर सगळं थांबवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. भारतीय अजगर पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीतला आहे. त्याला घरात ठेवताच येत नाही, कितीही मायेने ठेवलं तरी.

तिसरी: वजनकाटा

स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो सापासाठी वेगळाच ठेवा. झाकणाच्या डब्यात साप ठेवायचा, डब्याचं वजन वजा करायचं, तारखेसह वहीत लिहायचं. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

किती वेळा उंदीर नाकारला यावरून घाबरू नका. आकडा बघा. मोठा, धष्टपुष्ट बॉल पायथन काही महिने न खाता राहू शकतो आणि त्याचं वजन जेमतेम हलतं. त्यातून नर असेल तर नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान तो विणीच्या काळामुळे अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. समजा आणला तेव्हा ६५० ग्रॅम होता आणि आता ६३५ आहे, तर चिंता नको, विष्ठा टाकली तरी इतका फरक पडतो. तोच ५८५ च्या खाली गेला तर १० टक्क्यांहून जास्त घट झाली, आता घरच्या घरी प्रयोग नकोत. दीड-दोनशे ग्रॅमच्या पिल्लाला मात्र इतकी सवलत नाही. त्याने महिना-सव्वा महिना काहीच घेतलं नाही तर वजन टिकलेलं असलं तरी डॉक्टरांशी बोला.

चौथी: तळाचं तापमान, तेही पहाटेचं

इथे थांबून नीट वाचा, कारण नाशिकमधल्या दहातल्या बहुतेक तक्रारी इथेच सुटतात.

सापाच्या पोटातलं अन्न बाहेरच्या उष्णतेवर पचतं. ती मिळत नसेल तर खाल्लेलं पोटात सडतं, आणि हे त्याच्या शरीराला कळतं. म्हणून थंड टाकीतला साप एकतर खात नाही, नाहीतर खाऊन ओकतो. टाकीच्या एका टोकाला तळाशी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस हवं, दुसऱ्या टोकाला २५ ते २७. रात्रीही २४ च्या खाली जाऊ देऊ नका. दोन टोकांत फरक असायलाच हवा, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडता येते.

इंदिरानगरमधल्या एका घरात जानेवारीत गेलो होतो. माशांची असते तशी काचेची टाकी, खिडकीला लागून अभ्यासाच्या टेबलावर. आतल्या काचेला वरच्या बाजूला, बल्बच्या जवळ, गोल काट्याचा चिकटवायचा थर्मामीटर. काटा ३२ वर. घरच्यांचं म्हणणं, तापमान तर बरोबर आहे. मी वायरवाल्या डिजिटल थर्मामीटरचा प्रोब (वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) साप जिथे झोपला होता त्या टोपलीखाली, तळाशी सरकवला. आकडा उतरत उतरत २२ वर येऊन थांबला. बल्ब वरची हवा तापवत होता आणि साप खाली गारठलेला होता. बल्बच्या उजेडाखाली उघड्यावर जाऊन बसायचं त्याला धाडस नव्हतं.

काट्याच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका. वायरवाला डिजिटल घ्या, ज्यात किमान आणि कमाल आकडा साठवून राहतो असा. दोन घ्या, गरम टोकाला एक, थंड टोकाला एक. मग संध्याकाळी नाही, सकाळी उठल्यावर किमान आकडा वाचा. नाशिकच्या थंडीत दुपारी अंगात स्वेटर नको होतो आणि पहाटे निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. एका दिवसात इतका चढउतार होतो. संध्याकाळी सात वाजता टाकी ठीकच दिसते, बिघाड पहाटे पाचचा असतो.

दुरुस्ती स्वस्तापासून सुरू करा. टाकी खिडकीपासून आणि फरशीवरून हलवा. मागून आणि दोन्ही बाजूंनी बाहेरून थर्माकोलच्या शीट लावा, वर रात्री जाड चादर, हवेला फट ठेवून. एवढ्याने दोन-तीन अंश सहज वाढतात, शिवाय तिन्ही बाजू झाकल्याने सापाचा जीव शांत होतो. त्यानंतर हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), टाकीच्या एक-तृतीयांश भागाखाली, काचेच्या बाहेरून. मॅटवर थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला वीज आपोआप बंद-चालू करणारं उपकरण) हवाच हवा. या यादीतला हा पहिला खरा खर्च आहे, आणि इथे काटकसर करू नका. थर्मोस्टॅटशिवाय मॅटवरची काच चाळिशीच्या बरीच वर जाऊ शकते. पोट भाजत असतानाही साप वेळेत बाजूला होईलच असं नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅटच्या वर तळाशी पक्का बसवा. तो सापाने ढकलून पाण्याच्या भांड्यात नेला की थर्मोस्टॅटला थंड वाटतं आणि तो मॅट चालूच ठेवतो. गरम होणारे नकली दगड विकत घेऊ नका.

मॅट तळ तापवते, हवा नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा गार राहत असेल तर सिरॅमिकचा उजेड न देणारा बल्ब लावा, त्यालाही थर्मोस्टॅट आणि जाळी. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून टाकीत ठेवता येते. मे महिन्यात उलटी काळजी: खोली ३६ वर गेली तर थंड टोक उरतच नाही. तेव्हा टाकी घरातल्या सर्वात गार खोलीत, खाली, आणि मॅट बंद आहे याची खात्री.

पाचवी: लपायच्या जागा

दोन हव्यात. एक गरम टोकाला, एक थंड टोकाला, दोन्ही सारख्याच. एकच असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यातलं एकच निवडावं लागतं, आणि तो सुरक्षितता निवडतो. जागा इतकी तंग हवी की वेटोळं केल्यावर अंग भिंतींना टेकेल. बुटाचा खोका, उलटी ठेवलेली प्लास्टिकची कुंडी एका बाजूने कापून, यानेही काम होतं. कापलेली कड मेणबत्तीने गुळगुळीत करा. टाकी मोठी आणि रिकामी असेल तर मधल्या भागात कागदाचे बोळे, प्लास्टिकची पानं, काहीही आडोसा टाका. पिल्लाला मोठं घर मानवत नाही असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे, त्याला उघडं घर मानवत नाही.

सहावी: दमटपणा

५५ ते ७० टक्के. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा थोडा जास्त. त्या दिवसांत तो खाणार नाही हे धरूनच चाला. कात निघाली की दोन-तीन दिवसांनी द्या, त्या वेळी भूक चांगली असते.

मार्च ते मे आपल्याकडची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, टाकीतही तीच हवा. जाळीचं झाकण असेल तर त्याचा दोन-तृतीयांश भाग ॲक्रिलिकने झाका. खाली वर्तमानपत्राऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाका. गंगापूर रोडच्या कुठल्याही नर्सरीत त्याच्या दाबलेल्या विटा मिळतात, खत न मिसळलेली मागून घ्या. कोपऱ्यांत पाणी ओतून खालचा थर ओला, वरचा कोरडा ठेवा. सारखी फवारणी करू नका. पावसाळ्यात हेच उलट होतं, कोकोपीट चिखल होतं आणि पोटाखालचे खवले कुजायला लागतात, तेव्हा थर पातळ करा आणि लवकर बदला. तुकड्यांनी निघालेली कात नखाने ओढू नका, डोळ्यावरची तर मुळीच नाही. ओल्या फडक्याच्या डब्यात तासभर ठेवला की अंगावरची सुटते. डोळ्यावरची पुढच्या कातीबरोबर निघाली नाही तर ती डॉक्टर काढतील.

सातवी: उंदीर आणि तो द्यायची रीत

घर बरोबर झाल्यावर, आणि तेव्हाच, इकडे वळा.

आकार: सापाच्या अंगाच्या सर्वात जाड भागाइतका उंदीर. लहान पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, आठवड्याला एक. वाढत्या सापाला १० ते १४ दिवसांनी. पूर्ण वाढलेल्याला वजनाच्या साधारण ५ टक्के, दोन-चार आठवड्यांनी एकदा. जास्त भरवून प्रेम दाखवू नका, घरातले बॉल पायथन उपासाने कमी आणि चरबीने जास्त आजारी पडतात.

घरात सापळ्यात सापडलेला, कांद्याच्या चाळीतला, शेतातला उंदीर कधीही देऊ नका. त्याने विषाची वडी खाल्लेली असू शकते, ते विष सापाच्या पोटात जातं. अंडी, कोंबडीचे तुकडे, दूध यांचाही उपयोग नाही. सापाला दूध पचत नाही, नागपंचमीलाही नाही.

फ्रोझन देत असाल तर आदल्या रात्री फ्रिजमध्ये सुटू द्या. दुसऱ्या संध्याकाळी झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात, शेवटी कडक पाण्यात थोडा वेळ, विशेषतः डोकं. मायक्रोवेव्हमध्ये नाही, आतून शिजतो आणि फुटतो. बाहेरून ३८ ते ४० अंश हवा. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, अंधारात तो उंदीर बघत नाही, त्याची ऊब बघतो. कोमट उंदीर त्याच्या लेखी उंदीरच नाही. ओला असेल तर पुसून कोरडा करा.

दिवे मंद, घर शांत, रात्री आठ-नऊनंतर. हातभर लांबीच्या चिमट्याने उंदीर मानेमागे धरा आणि लपायच्या जागेच्या तोंडाशी, सापापासून वीतभर लांब, हळूच हलवा. त्याच्या तोंडावर नेऊ नका. जीभ भराभर बाहेर येऊ लागते, मग अचानक थांबते, डोकं स्थिर होतं आणि मान मागे ओढून इंग्रजी एससारखी वळते. त्या क्षणी तुम्हीही थांबा, श्वाससुद्धा जोरात सोडू नका. झडप घातली की चिमटा सोडून मागे व्हा. डोकं मागे घेऊन आत गेला तर उंदीर तिथेच ठेवून दिवा बंद करा आणि सकाळी बघा. तसाच राहिला असेल तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका, आणि पुढचा प्रयत्न सात-दहा दिवसांनीच. रोज दिल्याने भूक वाढत नाही, भीती वाढते.

जिवंत उंदीर टाकीत सोडून झोपायला जाऊ नका. साप भुकेला नसेल तर उंदीरच सापाला कुरतडतो, अशा जखमा मी पाहिल्या आहेत आणि त्या भरायला फार दिवस लागतात. खायला घालण्यासाठी सापाला वेगळ्या डब्यात काढायचीही गरज नाही. टाकीत दिलं की हाताला चावायला शिकतो हा समज आहे, उलट खाल्ल्यावर उचलल्याने तो ओकतो. खाल्ल्यानंतर निदान ४८ तास हात लावायचा नाही. ओकलाच तर १०-१४ दिवस काही देऊ नका, तापमान पुन्हा मोजा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा द्या.

एक घरगुती अडचण इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे साप परत द्यावे लागतात. फ्रिजच्या फ्रीझरमध्ये उंदीर ठेवणं आईला, सासूबाईंना चालणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. वेगळा छोटा फ्रीझर घ्या नाहीतर लागेल तेव्हा एकेक आणा. सापाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) पसरतो, हात साबणाने धुवा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊ नका.

आठवी: माइट्स

माइट्स म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके, हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला हलणारे दाणे. साप पाण्यात बसून राहतो त्याचं हेही एक कारण. पांढऱ्या ओल्या कागदाने अंग पुसून बघा. सापडले तर कोकोपीट फेकून कागद अंथरा, टाकी गरम पाण्याने घासा, दुसरा साप असेल तर दुसऱ्या खोलीत हलवा. कुत्र्याच्या गोचिडांची पावडर, झुरळांचा स्प्रे, डांबराच्या गोळ्या यांनी साप मरतो. औषध डॉक्टरच देतील.

इथे थांबा

वरचं सगळं जाग्यावर आहे, आकडे वहीत आहेत, तरीही वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं, दोनदा ओकला, माइट्स आहेत, किंवा सुरुवातीला सांगितलेल्यातलं एकही लक्षण दिसलं, तर तुमचं काम संपलं. तोंड उघडून बळेच उंदीर कोंबू नका, अन्ननलिका फाटते, जबडा दुखावतो. व्हिटॅमिनचं किंवा आयव्हरमेक्टिनचं (जंत-किड्यांवरचं औषध) इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, डोस चुकला तर जीव जातो. सर्पमित्र साप पकडण्यात तरबेज असतात, उपचार हे त्यांचं काम नाही.

कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी सापांचा अनुभव असेलच असं नाही. फोनवर सरळ विचारा: साप तपासता का, विष्ठेची तपासणी होते का, गरज पडली तर एक्स-रे काढता का. इथे कुणी मिळालं नाही तर मुंबई किंवा पुण्याला जायची तयारी ठेवा. सुती उशीच्या अभ्र्यात साप घालून तोंडाला गाठ मारा, तो अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा. थंडीत डब्याच्या बाहेरून गरम पाण्याची बाटली, उन्हाळ्यात गाडी बंद करून डबा आत सोडायचा नाही. निघण्याआधी खायला घालू नका. सोबत वजनाची वही, टाकीचे आणि थर्मामीटरच्या आकड्यांचे फोटो, नोंदणीचा कागद, आणि ताजी विष्ठा मिळाली तर स्वच्छ डबीत घालून घ्या.